पाफ्नुतीचा दोर

मठातला लेखनिक विचारतो, मेलान्या, तुझा भाऊ संत होता का?
लिहून न्यायचंय त्याला. पिसाची लेखणी टोकदार करून बसलाय.
मी म्हणते, थांब. आधी मासे खवलून होऊ देत.

संताचं मला माहीत नाही.
नऊ वर्षांचा होता तेव्हा ओनेगाच्या बर्फावर उभा होता,
हातात दोर, दोराच्या टोकाला बाप, बापाच्या हातात जाळं.
बर्फ तडकल्याचा आवाज मी घरात ऐकला,
ओलं लाकूड फुटावं तसा.
दोर त्याच्या हातात होता.
मग नव्हता.

नऊ वर्षांच्या पोराच्या मुठीत असा कितीसा जोर असणार,
असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.
कुणी म्हणालं नाही. आईही नाही.
त्याच्या वाडग्यात सूप ओतताना ती हात जरासा आखडता घ्यायची.
तिला कळायचंही नाही.
त्याला कळायचं.

तेव्हापासून तो सगळं घट्ट धरायला लागला.
कुऱ्हाड अशी धरायचा की पेरं पांढरी पडत.
चूल विझली का ते बघायला रात्रीतून चारदा उठायचा.
मीठ सांडलं तर कण न् कण वेचायचा, ओठ हलवत, मोजत.

मग मॉस्कोहून हुकूम आला:
क्रूसाची खूण यापुढे दोन बोटांनी नाही, तीन बोटांनी.
गाव हसलं. म्हातारा झोसिमा म्हणाला,
देव काय आपली बोटं मोजत बसलाय होय?
पाफ्नुती हसला नाही.
मी त्याचा चेहरा पाहिला त्या दिवशी.
रागावलेला नव्हता तो. खरं सांगू? सुटल्यासारखा दिसत होता.
कुणीतरी तो दोर पुन्हा त्याच्या हातात दिला होता
आणि या खेपेला फक्त सोडायचा नव्हता.

हे लिही, बाबा:
माझ्या भावाला देव हवा होता असं मला वाटत नाही.
त्याला ताण हवा होता, तळहातात,
पलीकडून अजून कुणीतरी ओढतंय असा.

मग उपास वाढले. हसणं बंद.
तीन बोटंवाले जिथे पाणी भरत ती विहीर बाटली.
झोसिमा वारला, आम्ही मातीला गेलो नाही.
तरी माणसं येतच राहिली, चाळीसेक.
वेडी नव्हती रे.
येवदोकियाची तीन मुलं एका हिवाळ्यात गेली होती,
आणि का गेली हे तिला फक्त पाफ्नुतीनं सांगितलं होतं.
चुकीचं सांगितलं. पण सांगितलं.
आणि मी, जिचं कुणीच काही वाकडं केलं नव्हतं.
त्या खोलीत मला प्रश्न पडत नसत, एवढंच.
सगळ्यांचा श्वास एका मापात, थंडीतल्या गोठ्यासारखा.
ती ऊब अजून आठवते. लाज वाटते, पण आठवते.

मोठ्या उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात शिपाई आले.
कोठारात पेंढा आधीच रचलेला होता.
डांबर मी आणलं होतं. तेही लिही, गाळू नकोस.

दार आतून लागलं. स्तोत्र सुरू झालं.
धूर आधी पायांना लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.
मी खिडकीकडे वळले तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं,
कुऱ्हाड धरायचा तसं.
आणि मग मी बाहेर होते, बर्फात, तोंडावर पडलेली.

त्यानं सोडलं की मी हिसकलं?
एकतीस वर्षं झाली. रोज वेगळं आठवतं.
मनगटावर वळ उठले होते, पाचही बोटांचे.
आठवडाभर राहिले, मग पिवळे पडले, मग गेले.

का थांबलास? लिही तुला काय लिहायचं ते,
मला कुठं वाचता येतंय.
आणि मी क्रूस किती बोटांनी करते ते विचारू नकोस.
हात खवल्यांनी भरलेत.